आमच्या लॅबवाल्या भाऊंची जागा

प्रति,
ग्रामीण रुग्णालयांच्या रिक्त पदांची फाईल ज्यांच्या टेबलावरून पुढे सरकते, त्या सर्व अधिकाऱ्यांना

विषय : आमच्या रुग्णालयातील प्रयोगशाळा तंत्रज्ञाचे पद कायमस्वरूपी भरण्याबाबत, आणि ते पद ज्यांनी सांभाळलं त्यांच्याविषयी

महोदय, महोदया,

नमस्कार. मी आशा कार्यकर्ती आहे. झाडीपट्टीतलं, वैनगंगेच्या खोऱ्यातलं एक धानाचं गाव माझ्याकडे आहे. ग्रामीण रुग्णालय गावापासून 14 किलोमीटर. गावाचं, रुग्णालयाचं आणि ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांचं नाव या पत्रात टाकलेलं नाही. घरच्यांनी तशी विनंती केली, आणि त्यांना स्वतःलाही ते आवडलं नसतं. आम्ही सगळे त्यांना लॅबवाले भाऊ म्हणायचो. म्हाताऱ्या बाया ‘रक्तवाले डॉक्टर’ म्हणायच्या. ते दर वेळी सांगायचे, मी डॉक्टर नाही माय, आणि त्या दर वेळी विसरायच्या. मागच्या पौषात भाऊ गेले. त्याच्या दोन वर्षं आधी, 58 पूर्ण झाल्यावर, निवृत्त झाले होते. त्या दिवसापासून त्यांची जागा कायमस्वरूपी भरलेली नाही.

2011 च्या पावसाळ्यात मी या कामात अगदी नवीन होते. ताप आलेल्याचं बोट टोचायचं, काचपट्टीवर रक्त घ्यायचं, एवढं प्रशिक्षणात शिकले होते. पहिल्या आठवड्यात 12 स्लाईड घेऊन गेले. भाऊंनी एकेक उजेडाकडे धरून पाहिली, 9 बाजूला काढल्या आणि मला बसायला स्टूल दिला. “ताई, येवढा जाड टिळा लावला तं आतमधी काय दिसन?” असं म्हणून त्यांनी टेबलावरचा पेपर ओढला आणि माझी स्लाईड त्यावर ठेवली. खालची अक्षरं दिसेनात. मग स्वतःचं बोट टोचून दुसऱ्या काचेवर थेंब पसरला, वाळू दिला, पेपरावर ठेवला. धानाच्या भावाची बातमी त्या रक्तातून मला वाचता आली. जाड थेंब असा हवा. त्याच्या बाजूचं पातळ रक्त जिभेसारखं ओढायचं, टोकाकडे विरळ होत गेलेलं. आणि वाळत घातलेली स्लाईड उघडी सोडायची नाही, कारण मुंग्या आणि माश्या त्यावरचं रक्त खाऊन टाकतात. हे मला ठाऊक नव्हतं. मी पडवीत ठेवल्या होत्या. दोन स्लाईडींवर नुसतीच काच उरली होती.

त्या 9 माणसांकडे मला परत जावं लागलं. रोवणीचे दिवस, सगळे बांधीत चिखलात. कुणी रागावलं, कुणी हसलं. सगळ्यांची बोटं परत टोचली. त्या 9 मध्ये एक पीएफ निघाला, म्हणजे फाल्सिपेरम, जो मलेरिया मेंदूवर जातो आणि ज्याची औषधं साध्या मलेरियापेक्षा वेगळी असतात. सोळा वर्षांचा मुलगा होता. माझ्या जाड टिळ्याच्या स्लाईडवर भाऊंनी ‘निगेटिव्ह’ लिहून दिलं असतं, तर चूक कुणाच्याच नजरेला आली नसती. रजिस्टर भरलं असतं, मला स्लाईडमागचे पैसे मिळाले असते.

साहेब, हे लांबवून सांगते आहे, कारण लॅबचं काम असंच आहे. नीट केलं तरी दिसत नाही, नाही केलं तरी कागद पूर्ण दिसतो.

जाड थेंबाचे 100 फिल्ड (मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसतो तेवढा भाग म्हणजे एक फिल्ड) पाहिल्याशिवाय स्लाईड निगेटिव्ह म्हणायची नाही, असा नियम आहे. भाऊ ते मोजत. ओठ हलायचे, डाव्या हाताची बोटं टेबलावर पडायची. त्या वेळी आम्ही कुणी बोलत नसू. टीबीच्या तपासणीसाठी येणाऱ्या थुंकीच्या स्लाईडचंही तसंच. दिवसाला 20-25 च्या वर थुंकीच्या स्लाईड एका माणसानं पाहू नयेत, डोळा थकतो आणि जंतू सुटतो, असं ते सांगायचे. जास्त आल्या तर उरलेल्या दुसऱ्या दिवशी सकाळी, डोळा ताजा असताना पाहायचे. थुंकी म्हणून लोक लाळ आणून देतात. भाऊ डबी तिरकी करून बघायचे आणि परत द्यायचे. “हे थुंक झाली बाप्पा, मले बेडका पाहिजे.” मग बाहेर आंब्याखाली नेऊन, चूळ भरायला लावून, खोल श्वास कसा घ्यायचा आणि छातीतून कसं खोकायचं ते स्वतः खोकून दाखवायचे. रोगी लाजायचा. भाऊंना लाज वाटायची नाही.

पावसाळ्यात आमच्याकडे लाईन कधी जाईल याचा नेम नसतो. त्यांच्याकडे एक जुना, आरसा लावलेला मायक्रोस्कोप होता. लाईन गेली की तो खिडकीत नेऊन ठेवायचे, आरसा आभाळाकडे वळवायचे आणि काम पुढे सुरू. झाडीपट्टीच्या ओलीत भिंगाला बुरशी धरते, म्हणून मायक्रोस्कोपच्या पेटीत सिलिका जेलची पुरचुंडी असायची. ओल धरून तिचे निळे खडे गुलाबी झाले की घरी नेऊन तव्यावर भाजायचे आणि परत निळे करून आणायचे. त्यांच्या बायकोनं मला सांगितलं, घरात एक तवा फक्त त्यासाठी होता.

रोग्याला त्यांचा पहिला प्रश्न नाव-गाव नसायचा. “कोणत्या गाडीनं आलात? आन् कोणती गाडी पकडाची हाय?” चिठ्ठीच्या कोपऱ्यात ते एसटीची वेळ लिहायचे आणि तपासण्या त्या क्रमानं लावायचे. दोनच्या गाडीनं जाणाऱ्या बाईचा रिपोर्ट दीडला तयार. रोवणीत एक दिवसाची मजुरी बुडवून बाई येते. रिपोर्ट ‘उद्या’ म्हटलं की ती उद्या येत नाही, आणि परवाही येत नाही. कोणत्या बैठकीत त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. ते खिडकीतून बस स्टँडकडे जाणारी माणसं बघायचे, बस.

आता सिकलसेलचं सांगते, कारण लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा, आईबापाकडून येणारा हा आजार आमच्या घराघरात आहे. मध्य भारतात सिकलसेल असल्याची नोंद नागपूरच्या डॉक्टरांनी 1958 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापली होती. भाऊ दर प्रशिक्षणात हे अभिमानानं सांगायचे. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. 2047 पर्यंत हा आजार संपवायचा आणि त्यासाठी 7 कोटी लोकांची तपासणी करायची, असं उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट मोठं आहे आणि मला ते मनापासून हवं आहे. पण त्यातली एकेक तपासणी कशी होते, ते एकदा जवळून पाहा.

2016 मध्ये एका शाळेत शिबिर झालं. सोल्युबिलिटी टेस्ट होती. काचेच्या नळीत द्रावण, त्यात थोडं रक्त, मागे काळ्या रेघांचं कार्ड. पाणी गढूळ झालं आणि रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. माझ्या गावच्या सातवीतल्या एका मुलीची नळी स्वच्छ होती. रेघा स्पष्ट दिसत होत्या. निगेटिव्ह. शिबिर संपलं, आकडे गेले. दुसऱ्या दिवशी भाऊंचा फोन, “ताई, त्या पोरीले घेऊन या.” का, तर तिचं हिमोग्लोबिन 5.8 होतं. इतकं कमी रक्त असलं तर नळीत पुरेशा पेशीच पडत नाहीत आणि नळी खोटं बोलते. त्यांनी तिचं रक्त मशीनमध्ये फिरवून तळाच्या पेशी दुप्पट घेतल्या, परत टेस्ट लावली, कार्डासमोर नळी धरली आणि मला म्हणाले, “तुम्हीच बघा.” मी पाहिलं. आधी रेघा होत्या, मग धुक्यात गेल्यासारख्या पुसट झाल्या, मग नव्हत्याच. मुलगी शेजारी उभी राहून तेच पाहत होती. मला घाम फुटला होता. भाऊंनी नळी स्टँडवर ठेवली आणि आधी तिला विचारलं, सकाळी काही खाल्लं का?

इलेक्ट्रोफोरेसिससाठी, म्हणजे सिकलसेलच्या पक्क्या तपासणीसाठी, रक्त पुढे पाठवलं. एसएस आलं, म्हणजे आईबाप दोघांकडून सिकल आलेला, प्रत्यक्ष आजार. ती मुलगी चार वर्षांपासून हातपाय दुखतात म्हणून रडत होती. घरचे वात म्हणत होते, दोनदा पुजाऱ्याकडे नेलं होतं. रिपोर्ट सांगायला भाऊ रविवारी स्वतः गावात आले. अंगणात बसले, घरातून मूठभर मूग आणि मूठभर लाखोळी मागवली, आणि दोन-दोन दाण्यांच्या जोड्या मांडून आईबापाला समजावलं की तुम्ही दोघंही एएस, म्हणजे स्वतःला आजार नसलेले वाहक, आहात, दर बाळंतपणात चारात एक शक्यता अशी राहते, यात कुणाचं पाप नाही आणि एकट्या आईचा दोष तर मुळीच नाही. सासू ऐकत बसली होती. त्या घरात सुनेला त्यानंतर कुणी बोल लावला नाही, एवढं मी खात्रीनं सांगते. मुलगी आज हायड्रॉक्सियुरिया या सिकलसेलच्या औषधावर आहे. तिला बघायला आलेल्या मुलाला तिनं स्वतः सांगितलं, आधी रक्त तपासून ये.

सापाचं थोडक्यात सांगते. घोणस चावली असेल तर रक्त गोठत नाही, म्हणून रोग्याचं रक्त काचेच्या कोऱ्या नळीत 20 मिनिटं न हलवता ठेवून तिरकं करून बघतात. ती नळी साबणाच्या पावडरनं धुतलेली असली तर चांगलं रक्तही नीट गोठत नाही आणि फसगत होते. ही टेस्ट रात्री सिस्टरच करायच्या. भाऊंचं काम एवढंच की अपघात कक्षाच्या कपाटात 12 कोऱ्या, कोरड्या नळ्या कागदात गुंडाळून कायम असाव्यात. वर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी : ‘सापाकरिता. धुऊ नये.’ चिठ्ठी अजून आहे. मागच्या श्रावणात कपाट उघडलं तेव्हा काचेच्या नळ्या नव्हत्या, प्लॅस्टिकच्या होत्या. सिस्टरनं अक्कल लढवून औषधाची रिकामी काचेची कुपी वापरली. दर वेळी कुणाला सुचेलच असं नाही.

ते गेल्यावर तेरवीच्या दिवशी वहिनींनी मला आत बोलावलं आणि लाल पुठ्ठ्याची 100 पानी वही हातात दिली. “हे तुमच्याकडं द्याले सांगतलं होतं.” वरती एकच शब्द : पुन्हा.

सरकारी रजिस्टरमध्ये पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह असे दोन रकाने असतात. ज्यांच्या रिपोर्टवर भाऊंचा स्वतःचा विश्वास बसत नव्हता, ती माणसं त्या वहीत होती. नावं नव्हती, फक्त तारीख, लॅबचा नंबर, गाव आणि दोन-तीन शब्द. ‘ताप चढउतार, स्लाईड परत.’ ‘लाळ दिली, बेडका नाही.’ ‘आई एएस, बाळ 6 महिन्याच्या आत, नंतर करणे.’ (तान्ह्या बाळाच्या रक्तात सिकल लपून राहतो, म्हणून.) परत तपासणी झाली की बरोबरची खूण. पानंच्या पानं अशा खुणांनी भरलेली आहेत. कितींचा निकाल नंतर बदलला, ते त्यांनी कुठेच मोजून ठेवलेलं नाही. मीही मोजलं नाही. मला त्यात आकडा काढावासा वाटला नाही.

निवृत्तीच्या दिवशी त्या वहीत 41 नोंदी बिनखुणेच्या होत्या. घरी बसून त्यांनी 30 मिटवल्या. मला फोन करायचे, दुसऱ्या गावच्या आशांना करायचे, तपासणी जिथे होईल तिथे माणूस पाठवायचे. एकदा दवाखान्यात आले तर त्यांना सांगण्यात आलं की आता तुम्ही इथे बसू नका, नियमात नाही. नियम बरोबर असेल. ते बाहेर आंब्याखाली बसले.

त्यांच्यानंतर कंत्राटावर एक मुलगी आली होती. हुशार, प्रामाणिक, स्लाईडला हात सुरेख. सहा महिन्यांत तिलाही आमची गावं आणि एसटीच्या वेळा पाठ झाल्या होत्या. पण 11 महिन्यांचा आदेश, पगार कधी दोन तर कधी तीन महिन्यांनी. घरी लहान भावंडं. नागपूरच्या खासगी लॅबमध्ये निघून गेली. तिला मी कोणत्या तोंडानं थांब म्हणू? राष्ट्रीय आरोग्य अभियानात दहा वर्षं सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना सामावून घेण्याचा 14 मार्च 2024 चा शासन निर्णय आहे. पण जिला दहा महिने काढणं जड जातं, तिनं दहा वर्षं कशाच्या भरवशावर काढायची?

आता दुसऱ्या रुग्णालयातले एक तंत्रज्ञ मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. त्यांच्यावरही अन्याय आहे, दोन्हीकडचं काम त्यांच्याच डोक्यावर. बाकी दिवस नमुने गाडीनं जिल्ह्याला जातात. मागच्या मे महिन्यात माझ्या गावची सात महिन्यांची गरोदर बाई रक्त देऊन आली. रिपोर्ट आठव्या दिवशी आला : नमुना खराब, पुन्हा द्यावा. मे महिन्यातल्या उन्हात गाडीत हिंदकळून रक्तपेशी फुटल्या होत्या. पुन्हा 14 किलोमीटर, पुन्हा मजुरी बुडणार. ती गेली नाही. मी तीनदा तिच्या दारात गेले, माझीही हिंमत तिच्यावर रागवायची झाली नाही. बाळंतपणाच्या वेळी हिमोग्लोबिन 5 च्या खाली निघालं. जिल्ह्याला नेताना रस्त्यात मी तिचा हात धरून होते आणि तो हात थंड पडत चालला होता. तिला तीन बाटल्या रक्त लागलं. ती वाचली. बाळ नाही वाचलं.

भाऊ असते तर तिला दोनच्या गाडीच्या आत रिपोर्ट मिळाला असता. पुढचं सगळं टळलंच असतं असा माझा दावा नाही. पण सातव्या महिन्यात आम्हाला कळलं असतं, आणि हातात दोन महिने होते.

मला सांगण्यात येतं की आता मलेरियाच्या झटपट तपासणीच्या किट आहेत, मशीन आहेत, तंत्रज्ञाची एवढी गरज राहिली नाही. किट मी रोज वापरते, माझ्या पिशवीत आत्ताही आहेत, त्यांनी जीव वाचवले आहेत. पण पीएफचा उपचार पूर्ण झाल्यावरही किटवर काही आठवडे रेघ येत राहते. रोग्याला परत ताप आला तर तो जुन्या रेघेचा की नव्या जंतूचा, हे मायक्रोस्कोपखालीच कळतं. आमचा मायक्रोस्कोप कपाटात आहे. मी विनंती करून उघडून पाहिला. सिलिका जेलचे खडे गुलाबी आहेत आणि भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली आहे.

2021 साली संसदेनं कायदा करून लॅबच्या लोकांना आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यता दिली. आमच्याकडे त्यांची खुर्चीच रिकामी आहे, तर मान कुणाला द्यायचा? माझी मागणी अशी की ही जागा कायम भरा, पाच-दहा वर्षं इथे राहील अशा माणसानं भरा, मागच्या बाजूचं क्वार्टर गळतं ते दुरुस्त करून त्याला द्या. मायक्रोस्कोप दुरुस्त करा. अपघात कक्षात काचेच्या नळ्या द्या. आणि जमलं तर रजिस्टरमध्ये तिसरा रकाना छापा. भाऊंच्या नावाची पाटी वगैरे आम्ही मागत नाही.

वहीतल्या उरलेल्या 11 नोंदींचा मी माग काढला. लॅबच्या नंबरावरून नावं शोधायला सिस्टरनं मदत केली. सहा जणांची तपासणी मंगळवार-शुक्रवार धरून करून घेतली, खुणा केल्या. एक कुटुंब मिरची तोडायला तेलंगणात गेलं ते अजून आलं नाही, त्यांच्या शेजाऱ्याकडे निरोप ठेवला आहे. तीही नोंद मी मिटली असं धरलेलं नाही. बाकी चार जण गावात आहेत. एका म्हाताऱ्याचा खोकला गेलेला नाही. एक बाई शुक्रवारी गेली तेव्हा लॅब बंद होती. दोन बहीणभाऊ आहेत, आई एएस, बापाची तपासणी झालेली नाही. तेव्हा तान्ही होती ती जुळी आता अंगणवाडीत येतात, आणि मुलगा संध्याकाळी पाय धरून बसतो असं त्याची आजी सांगते.

चौघंही तयार आहेत. मी त्यांना कोणत्या दिवशी, कोणत्या गाडीनं आणू, तेवढं कळवावं.

आपली,
एक आशाताई